छत्तीस तास

बर्फाचा कारखाना बंद झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. सूनबाईच्या धाकट्या मुलीला पहिला दात आला तोही त्याच वर्षी, पण घरात जुन्या गोष्टी निघाल्या की दाताचं नाव कुणी काढत नाही. 'मशीन थांबवलं त्या वर्षी' असंच सगळे म्हणतात.

रविवार होता. दुपारी चार वाजता दादांनी कॉम्प्रेसरचा खटका स्वतःच्या हाताने खाली ओढला. मोठा पट्टा फिरत फिरत मंदावला, एकदा मागे झुलला आणि थांबला. आत्या, दादांची बहीण, खाऱ्या पाण्याच्या टाकीशी उभी होती. चौदाव्या वर्षी ती इथे बर्फाच्या लाद्यांच्या डब्यांत पाणी भरायला उभी राहिली, आणि आता तिला सदुसष्टावं चालू होतं. एवढी वर्षं कानात मुरलेली घरघर एकाएकी गेली तेव्हा तिला वाटलं, मशीन चालूच आहे, गेले ते आपले कान.

"संपलं," दादा म्हणाले. कुणाकडे बघून नाही.

"बाबा, चला, चहा घेऊ," त्यांचा मुलगा, धाकटा, म्हणाला.

"तूच घे. जिंकलायस तू."

धाकट्याने ओठ आवळले. पण दादांचा खरा राग त्याच्यावर नव्हताच. तो दारात उभ्या असलेल्या गोटीवर होता. कारखाना बंद करायचा की नाही ह्यावर बाप आणि मुलगा वर्षभर भांडले. कारखान्यात गोटीचाही हिस्सा होता, म्हणून शेवटी तिच्या सहीवर अडलं, आणि गोटीने ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत फोनवर सांगितलं, "बंद करा. बाबांचे गुडघे ओल्या फरशीवर अजून किती दिवस?" त्यावर दादा "बरं" एवढंच म्हणाले. त्याला आता तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत बाप लेकीशी दुसरा शब्द बोलला नव्हता.

गोटी दादांची थोरली. जन्मली तेव्हा एवढीशी, पांढरीफटक, मुठी घट्ट आवळलेली. आजोबा म्हणाले, "ही तर गारगोटी," आणि त्याचं गोटी झालं. आता ती अडतिसाची होती. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं उतरवायची. तिने शब्द दिल्याशिवाय दोन-दोनशे माणसं आभाळात घिरट्या घालत राहायची, पण ह्या घरात आली की गोटी ती गोटीच.

तिच्या कामाची एक सवय तिच्या अंगातच भिनली होती. वैमानिकाला काही सांगितलं की तो तेच शब्द परत म्हणून दाखवतो, मगच ते सांगितलं असं धरतात. त्यामुळे घरी भाजी आणायला सांगतानासुद्धा ती म्हणायची, "परत म्हण." धाकट्याला त्याची चीड होती. आत्याला मात्र ते आवडायचं. आपलं बोलणं कुणीतरी पुरतं ऐकतंय असं तिला वाटायचं.

आज गोटी उतरली तीच थकलेली. चेहरा सुजल्यासारखा, चालणं जपून. हातात एक छोटी निळी पिशवी होती, ती तिने आल्या आल्या फ्रीजच्या खालच्या खणात ठेवली. आत्याने पाहिलं, पण विचारलं नाही. ह्या घरात बायकांना काही विचारायची पद्धत नव्हती. आत्यालाही कधी कुणी विचारलं नव्हतं, अगदी लग्नाचंसुद्धा. तिच्या वेळी मशीनवर माणूस कमी होता, म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं गेलं, आणि पुढच्या वर्षीही माणूस कमीच होता.

*

सहा वाजून दहा मिनिटांनी गोटीने फ्रीज उघडला.

"आत्या, इथली निळी पिशवी कुठेय?"

"आहे की. वर ठेवलीय."

"वर कुठे?"

"बर्फाच्या खणात. खाली कसली गार राहतेय? ह्या फ्रीजच्या खालच्या खणात दूध नीट राहत नाही. मी दुपारीच वर टाकली आणि बटण फिरवून पार शेवटाला नेलं. बघ, कशी कडक झाली असेल!"

आत्या हे अभिमानाने म्हणाली. त्रेपन्न वर्षं तिने एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे पाण्याला पुरतं गोठवणं. लादीवर मूठ आपटून आवाज ऐकायचा. भरीव आला तर लादी बाहेर, पोकळ आला तर परत टाकीत. अर्धवट गार म्हणजे बिघडलेलं, हे ती कुणाकडून शिकली नव्हती, तिचे हातच तसे घडले होते.

गोटीने वरचा खण उघडला. पिशवीवर पांढरी साय धरली होती. आत पेनासारखी एक जाड सुई होती, औषध आधीच भरलेली. तिने ती उजेडात धरली. आतलं औषध हलेना.

ती ओरडली नाही. तिने फक्त फ्रीजचं दार लावलं आणि फ्रीजलाच पाठ टेकून फरशीवर बसली. आत्याला तिचं ते बसणं बघवेना. तिने सुई गोटीच्या हातातून काढून घेतली.

"अगं, वितळेल की! कोमट पाण्यात धरते, दोन मिनिटांत..."

"नाही आत्या. गोठलं की मरतं ते."

"कसलं औषध आहे? काय झालंय तुला?"

गोटी उत्तर द्यायच्या आधी फोन लावून मोकळी झाली. पलीकडे दवाखान्यातली नर्स होती. गोटीचा आवाज एकदम बदलला. सपाट, स्पष्ट, एकेक शब्द वेगळा. मनोऱ्यातला आवाज असाच असणार, आत्याच्या मनात आलं. "हो, आजचीच. शेवटची. गोठली आहे. नाही, दुसरी नाही. आठ वाजता. अर्धा तास इकडेतिकडे, त्यापुढे सांगता येत नाही. बरोबर? रविवारी उघडं असलेलं दुकान... परत म्हणा, प्लीज."

हे ऐकून सूनबाई कडेवरच्या पोरीसकट दारात आली, तिच्या मागे तिचा नवरा, धाकटा. दादा ओसरीतल्या खुर्चीत होते. उठले नाहीत, पण त्यांनी हातातला पेपर खाली घेतला.

"ताई, काय झालं?" सूनबाईने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. फरशीवर बसल्या बसल्याच गोटीने सांगितलं. ती आपली अंडी काढून गोठवून ठेवणार होती. पुढे कधी मूल हवं झालं तर असावीत म्हणून. अकरा दिवस रोज इंजेक्शनं घेतली होती. आज रात्री आठचं शेवटचं, त्याने अंडी पिकतात आणि सुटायला तयार होतात. त्यानंतर बरोबर छत्तीस तासांनी, मंगळवारी सकाळी आठ वाजता, डॉक्टर ती काढणार होत्या.

"आणि आज नाही घेतलं तर?"

"तर हाताला काही लागत नाही. सगळं पहिल्यापासून."

"मग पहिल्यापासून कर," धाकटा म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"हे दुसऱ्यांदाच आहे. पहिल्या वेळी ठेवण्यासारखं एकही निघालं नाही. ही औषधं चालू असली की मला बोर्डावर, विमानांशी बोलायला, बसता येत नाही, दोन आठवडे नुसती कागदं चाळायला बसवतात. तिसऱ्यांदा मला तिथून कोण उठू देणार? आणि डॉक्टर म्हणाल्या, दर महिन्याला कमीच होत जाणार."

"त्यापेक्षा सरळ लग्न का नाही करत?"

"कुणाशी? सांग ना. नाव सांग, मी परत म्हणून दाखवते."

"चेष्टा करू नकोस ताई. घरात कुणाला न सांगता असलं काहीतरी... लोक काय म्हणतील?"

"तुम्ही जरा गप्प बसता का?" सूनबाई म्हणाली. हळूच, पण अशी की धाकटा खरंच गप्प झाला. "माझ्या दोन्ही बाळंतपणांना दवाखान्यात कोण बसलं होतं? तुम्ही गिऱ्हाईक सोडून येत नव्हतात. ताई ड्यूटी संपवून थेट आल्या, कपडेही न बदलता. तेव्हा लोक काय म्हणाले ते आठवतंय का तुम्हाला? मला तर नाही आठवत."

आत्या बाजूला उभी होती. हातात ती गोठलेली सुई, आणि काय करावं ते कळत नव्हतं. सगळं आपल्या हाताने झालं, आणि त्यात सगळ्यात वाईट हे की प्रेमाने झालं. ओसरीतली खुर्ची सरकली. दादा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. त्यांनी गोटीकडे नाही, त्या सुईकडे पाहिलं.

"किती वेळात गोठवतात?" त्यांनी विचारलं.

गोटीने मान वर केली. तीन महिन्यांनी आलेला पहिला शब्द कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"औषध?"

"औषध नाही. ती अंडी."

"एका सेकंदाच्या आत, बाबा."

दादांनी मान हलवली. "मग खडा धरत नसेल."

"नाही धरत. काचेसारखं होतं म्हणतात."

"बरोबर. सावकाश गोठलं की पाण्याला टोकं येतात. ती आतून फाडतात. म्हणून तर फळ बर्फात टाकलं की नंतर पिचकतं. ह्यांना कळतंय मग काम."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात फार तर दोन माणसांबद्दल काढलं असेल, आणि त्यातला एक त्यांचा बाप होता.

"दुकान कुठलं?" त्यांनी धाकट्याकडे वळून विचारलं.

"पुढच्या गावातलं. अर्धा तास जायला, अर्धा यायला."

"गाडी काढ. मी येतो."

"बाबा, तुम्ही कशाला?"

"कारण तू ते गाडीत तसंच टाकून आणशील, आणि इंजिनच्या गरमीने ते जाईल. आधी गोठून गेलं, आता उकडून घालवू नका."

*

डबा आत्याने भरला. गोठू न देता गार ठेवायचं होतं. दोन ते आठ अंश, नर्स म्हणाली होती. असलं काम तिच्याकडून आजवर कुणी मागितलं नव्हतं. ती अंगणात गेली. दुपारी टाकीतून काढलेल्या शेवटच्या लाद्या तिथे गोणपाटाखाली होत्या, कडेने पाणी सुटलेलं. तिने एकीचा कोपरा टोच्याने फोडला. सुटत चाललेला बर्फच घेतला, कारण पाणी सुटणारा बर्फ शून्याच्या खाली जात नाही. डब्याच्या तळाला तो, त्यावर भुशाचा चार बोटं थर, त्यावर दुहेरी गोणपाट, आणि मग मधे मोकळी जागा. तिथे तिने आपला हात मनगटापर्यंत घातला आणि डोळे मिटून साठ आकडे मोजले. बोटं बधिर झाली नाहीत, नुसती शहारली.

"इथे ठेवायचं. खाली दाबायचं नाही," ती दादांना म्हणाली.

"मला शिकवतेस?"

"हो. परत म्हण."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. "इथे ठेवायचं. खाली दाबायचं नाही," ते म्हणाले, आणि गाडीत बसले. बाप आणि मुलगा, वर्षभर एका ताटापाशी न बसलेले, एकाच गाडीतून गेले.

सूनबाई पोरीला झोपवायला आत गेली. आत्या आणि गोटी मधल्या खोलीत बसल्या. ह्या खोलीची एक भिंत कारखान्याची होती, कायम गारेगार. आत्याने सवयीने तिला पाठ लावली. भिंत अजून गारच होती, पण त्यातली थरथर गेली होती.

"रोज कोण देतं इंजेक्शन?" तिने विचारलं.

"मीच."

"अकरा दिवस?"

"कामावरच्या बाथरूममध्ये. बाहेर कुणीतरी दार वाजवतं, मी म्हणते, दोन मिनिटं." गोटीने कुर्त्याचं टोक वर केलं. पोटावर छोटे छोटे निळे डाग होते. "एकदा मात्रा चुकतेय असं वाटलं. तेव्हा मी स्वतःलाच सांगितलं आणि स्वतःच परत म्हणून दाखवलं. मोठ्याने. वेडीच झालीय म्हण."

आत्याला हसू आलं नाही. टाकीपाशी एकट्याने उभं राहून तीही बोलायची. डब्यांशी.

"तुला मूल हवंय का पण?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारला होता.

गोटीने कुर्ता खाली ओढला. "माहीत नाही, आत्या. हवं असेल तेव्हा नाही म्हणायला कुणी नको, एवढंच. तुला हवं होतं?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

आत्याने भिंतीवर हात फिरवला. "हवं होतं," ती म्हणाली. "एक तरी."

सात वाजून वीस मिनिटांनी गोटीचा फोन वाजला. दादांचा होता. दादा कधी तिला फोन करत नसत.

"ऐक," ते खेकसले. "दुकानदार म्हणतोय, हेच. मी वाचतो, तू सांग बरोबर आहे का." आणि त्यांनी ते लांबलचक नाव अडखळत, अक्षर अक्षर लावून वाचलं. मग मात्रा. मग तारीख. "बरोबर?"

"बरोबर, बाबा."

"परत म्हण," दादा म्हणाले.

गोटीने परत म्हटलं. शेवटच्या शब्दाला तिचा मनोऱ्यातला आवाज तुटला.

आठला बारा मिनिटं कमी असताना गाडी आली. आत्याने डबा उघडला, सुई गालाला लावून पाहिली आणि मान हलवली. आतल्या खोलीत गोटीने पोटाची कातडी चिमटीत धरली. आत्या घड्याळ घेऊन समोर बसली.

"वेळ सांग."

"आठ."

"आठ," गोटी म्हणाली, आणि सुई टोचली.

"आता छत्तीस तास," आत्या म्हणाली. "आपल्या लादीएवढेच."

गोटीने तिच्याकडे बघितलं. पाणी डब्यात भरून टाकीत सोडल्यापासून लादी भरीव व्हायला ह्या कारखान्यात छत्तीस तास लागायचे. हे तिला लहानपणापासून माहीत होतं आणि अकरा दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं.

"मंगळवारी सोबत कोण येणार?" आत्याने विचारलं. "भूल देणार म्हणजे सोबत लागत असेल."

"लागते. एक बाई ठरवलीय. अशी माणसं मिळतात. तासावर."

"तिला नाही म्हणून सांग."

*

मंगळवारी दवाखान्यातल्या कागदावर 'नाते' असं लिहिलेल्या रकान्यात आत्याने स्वतःच्या हाताने 'आत्या' लिहिलं. तिला लिहायला वेळ लागायचा. ती चाळिशीनंतर शिकली होती. समोरची मुलगी थांबली.

नऊ अंडी मिळाली. त्यातली सहा ठेवण्यासारखी निघाली. गोटी भुलीतून पुरती जागी झाली नव्हती तोवर आत्याने आकडा दोनदा विचारून घेतला. मग तिने हट्टच धरला, टाकी बघायची. नियमात बसत नाही म्हणाले. आत्या म्हणाली, "मी बर्फवाली आहे," आणि बाकावरून उठेचना. शेवटी एका हातमोजेवाल्या माणसाने तिला काचेपर्यंत नेलं. आत लोखंडी हंड्यांसारख्या टाक्या होत्या, झाकण उघडलं की पांढरा धूर.

"वीज गेली तर?"

"विजेवर नाही चालत हे, आजी. आतला नायट्रोजनच गार ठेवतो. उडून जातो तसा भरत राहायचा."

"पातळी कोण बघतं?"

"मी. रोज सकाळी काठी घालून बघतो. काठीवर पांढरं दहिवर जिथवर चढतं तिथवर भरलेलं."

"आम्हीही काठीच घालायचो," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही रजेवर गेलात तर?"

तो हसला. "दुसरा आहे."

"नाव काय त्याचं?"

त्याने नाव सांगितलं. आत्याने ते परत म्हणून दाखवलं.

परत जाताना गाडीत गोटी तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. आत्याने सगळा रस्ता खांदा हलवला नाही. शहराच्या फाट्यावर उतरताना गोटी म्हणाली, "आता तू जा. उद्या मला ड्यूटी आहे." आत्या तरी तिला खोलीपर्यंत सोडायला गेली. तिथे एक पलंग, एक खुर्ची, दोन कप होते. दुसऱ्या कपावर धूळ होती. आत्याने तो धुऊन पालथा ठेवला आणि मग बस पकडली.

दवाखान्याचं पत्र दरवर्षी त्याच तारखेच्या आसपास येई: ठेवायची की नाही, कळवा. एक प्रत गोटीला, आणि कागदावर दुसरा संपर्क म्हणून नाव होतं त्या आत्याला. पत्र मिळालं की आत्या फोन करायची.

"पत्र आलं. ठेवलीस ना?"

"ठेवली."

"परत म्हण."

"ठेवली, आत्या."

पहिल्या वर्षी, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी एवढंच बोलणं झालं, आणि दोघींनाही ते पुरलं. पाचव्या वर्षी आत्याच्या नावाची प्रत 'घेणारी व्यक्ती नाही' असा शेरा घेऊन दवाखान्यात परत गेली. गोटीने आपल्या प्रतीवर 'ठेवा' लिहिलं, सही केली. दुसऱ्या संपर्काच्या जागी तिने नवीन नाव लिहिलं नाही.

दादा मशीन थांबवल्यानंतर तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात गेले. आत्या पाचव्या वर्षी गेली, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी साडेसहा वाजता. गोटी तेव्हा मनोऱ्यात विमानं उतरवत होती. तिला सव्वाआठला कळलं, बोर्डावरून उठल्यावर.